कुलपाची बदली

निळीने पुस्तक काउंटरवर ठेवलं नाही, आपटलं. वाचनालयात पुस्तक आपटलेलं ग्रंथपाल बाईंना खपत नाही, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी बाई काही बोलल्या नाहीत, कारण निळीचा चेहराच तसा होता. रंगाच्या कारखान्यात तिची नऊ वर्षं गेली होती आणि मनगटापर्यंतचे हात कायमचे निळे झाले होते, म्हणून तिला सगळे निळी म्हणत. आवाज दाबून तिने सांगितलं की काल मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं होतं. हल्ली काय वाचतेस, असं त्याने विचारलं नाही. काय वाचतेस ते त्यानेच तिला सांगितलं, पुस्तकाच्या नावासकट. आणि आजपासून तिला वाळवणीच्या खोलीत टाकलं होतं, जिथे खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

"मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं," निळी म्हणाली. "हे इथूनच गेलंय, बाई."

ती निघून गेली. बाई त्या जाड तपकिरी पुस्तकाकडे बघत राहिल्या. कामामुळे होणारे आजार आणि त्यांची भरपाई कशी मागायची, याचं पुस्तक. सगळ्या गावात त्याची ही एकच प्रत. दोन वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि गेल्या चार महिन्यांत ते कपाटात टेकलं नव्हतं. निळीच्या लगेच आधी ते नेणाऱ्या दोघांचंही काहीतरी बिनसलंच होतं. एकाला कारखान्याने घरी बसवलं, दुसऱ्याची पाळी अशी बदलली की बायकापोरांचं तोंड दिसेना. बाईंनी तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं होतं. पण योगायोग तीनदा होत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते त्यांच्याच वाचनालयात मुरत होतं.

आता बाईंचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी वरच्या आळीत आणि खालच्या आळीत मारामारी झाली होती. डोकी फुटली, दोन दुकानं जळाली, आणि त्यानंतर दोन्हीकडची माणसं रस्त्यात एकमेकांना ओळख देईनाशी झाली. नगरपालिकेने शांतता समिती नेमली, समितीने चहा प्यायला आणि समिती संपली. बाईंनी मात्र वाचनालयातली लहान टेबलं काढून टाकली आणि एकच लांबलचक टेबल करून घेतलं. वर्तमानपत्र एकच येई, त्याची पानं त्या रोज सकाळी सुटी करून टेबलभर पसरत. ज्याला खेळाचं पान हवं, त्याला ते धरून बसलेल्या शेजाऱ्याकडे मागावंच लागे. पहिले सहा महिने माणसं नुसता हात पुढे करत, तोंड उघडत नसत. मग "झालं का हो वाचून?" सुरू झालं, आणि पुढे नको तितकी चर्चाही. नंबरावरून कुरबुर होऊ नये म्हणून बाईंनी काउंटरला दोरीने एक मागणीवही बांधली होती. हवं ते पुस्तक बाहेर असेल, तर त्यात तारीख, नाव आणि पुस्तक लिहायचं, आणि नंबर लागेल तसं न्यायचं. आमच्या आधी त्यांना दिलंत, असं म्हणायला कुणाला जागाच ठेवायची नाही. अशी ही बाई. तिच्या वाचनालयात चुगली व्हावी, म्हणजे तिच्या स्वयंपाकात कुणी खडे टाकण्यासारखंच होतं.

पुस्तक देण्याघेण्याची पद्धतही त्यांनी जुनीच ठेवली होती. प्रत्येक पुस्तकाच्या आत कागदी खिसा, खिशात त्या पुस्तकाचं कार्ड. वाचकाकडे त्याचं तिकीट. पुस्तक नेलं की कार्ड आणि तिकीट एकत्र ट्रेमध्ये उभं राही. परत आणलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात, आणि कोणी काय वाचलं याचा मागमूस उरत नसे. नगरपालिकेने दिलेला कॉम्प्युटर बाईंनी कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवला होता. तो सगळं लक्षात ठेवतो, एवढाच त्यांचा त्याच्यावर राग होता.

म्हणजे पुस्तक बाहेर असतानाच कुणीतरी ट्रे बघत असणार. आणि ट्रेला हात लावणारी माणसं दोनच होती. एक बाई स्वतः. दुसरा कुलूप.

कुलूप म्हणजे त्यांचा सहायक. पस्तिशीचा, अंगाने किरकोळ, कामाला वाघ, पण तोंड असं बंद की सकाळच्या "नमस्कार बाई"नंतर संध्याकाळच्या "येतो बाई"पर्यंत दहा वाक्यं झाली तरी पुष्कळ. वाचकांनीच त्याला हे नाव दिलं होतं. आठ वर्षं त्याच्या गप्प बसण्याचा बाईंना आधार वाटत आला होता. आता त्याच गप्प बसण्यातून त्यांना काय काय ऐकू यायला लागलं. माणूस इतका गप्प का बसतो? मनात काही असल्याशिवाय?

एकदा संशयाची पाल चुकचुकली की ती काही थांबत नाही. बाईंच्या लक्षात आलं की कुलूप हल्ली खिशात एक छोटी डायरी बाळगतो. दुपारी पुस्तकांच्या मांडण्यांमागे उभा राहून तो तीत काहीतरी लिहितो, आणि बाई आल्या की मिटतो. चहाच्या सुट्टीत तो कारखान्याच्या फाटकाकडे जातो. तिथे त्याचा मेहुणा भेटतो, जो कारखान्यात कामाला आहे. दोघं चहाच्या टपरीमागे जाऊन उभे राहतात. बाई स्वतः दोनदा टपालाचं निमित्त काढून त्या रस्त्याने जाऊन आल्या. मेहुण्याबरोबर आणखी दोनचार माणसं होती, आणि मधे कुलूप. बोलत होता. कुलूप, आणि बोलत होता!

घरी बाईंनी ही हकिगत नवऱ्याला सांगितली. बाईंचे यजमान त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होते, निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला.

"अगं, मेहुण्याला भेटणं हा गुन्हा असेल तर मला जन्मठेप व्हायला हवी होती," ते म्हणाले. "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस."

पण बाई स्वर्ग गाठायचा तो गाठून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी सापळा रचला, आणि तोही ग्रंथपालाला सुचेल असाच. तपकिरी पुस्तकाचं कार्ड काढलं, ते नवऱ्याच्या तिकिटात घातलं आणि ट्रेमध्ये अगदी पुढे, डोळ्यांत भरेल असं उभं केलं. दुसऱ्या कुणाचं तिकीट अडकवायचा आपल्याला हक्क नाही, नवऱ्याचं चालतं, असा त्यांचा हिशेब. पुस्तक पिशवीतून घरी नेऊन चादरींच्या घडीखाली ठेवलं. आता यजमानांना मॅनेजरचं बोलावणं आलं की कुलूप पकडला गेलाच.

पाचव्या दिवशी चादर काढताना पुस्तक यजमानांच्या पायावर पडलं. मग सगळंच बाहेर आलं. अकरा महिने राहिलेत, तेवढे तरी सुखाने काढू दे, असं ते बराच वेळ म्हणत राहिले, आणि मग त्यांनाच हसू आलं. बाईंना हसू आलं नाही. आठ दिवस झाले, दहा झाले, बोलावणं काही आलं नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं झालं, माणूस निर्दोष दिसतोय. बाई म्हणाल्या, सापळा ओळखला त्याने. वाटतो त्याहून पोचलेला आहे.

संशयाला औषध नाही म्हणतात ते असं. काही सापडलं तर संशय खरा, आणि काही सापडलं नाही तर तो अधिकच खरा.

बाईंनी कुलपाकडून काउंटरची किल्ली मागून घेतली. का, ते सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. त्याला मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावायला बसवलं. तो बसला. आणि मग एका सोमवारी बाईंनी नगरपालिकेतल्या मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं की सहायकाकडून वाचकांची माहिती बाहेर जात असल्याचा मला दाट संशय आहे, तरी त्यांची अन्यत्र बदली व्हावी. नगरपालिकेत एरवी एका पंख्याच्या दुरुस्तीला वर्ष लागतं. पण कारखान्याचं नाव ऐकून साहेब दचकले असावेत, कारण बदलीचा हुकूम चौथ्या दिवशी हातात आला. कुलूप जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत गेला. जाताना "येतो बाई" म्हणाला, तेवढंच.

बाईंनी हे फक्त एका माणसाला सांगितलं. निळीला. तिला धीर यावा, एवढाच हेतू होता. माझ्याच हाताखालचा होता, त्याचा बंदोबस्त केलाय, आता बिनधास्त पुस्तक ने, असं त्या म्हणाल्या. निळीने पुस्तक नेलं नाही. नुसती मान हलवली आणि गेली. कुलूप खालच्या आळीतच राहत होता, तिच्या घरापासून सातवं दार. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं.

त्यानंतर बाईंना शांत झोप लागायला हवी होती, आणि बारा दिवस लागलीही. तेराव्या दिवशी टोपीवाले आजोबा आले. वरच्या आळीतले, रोज खेळाचं पान मागणारे. त्यांचा मुलगा कारखान्यात बॉयलरवर होता. आज आजोबांनी पान मागितलं नाही, सरळ काउंटरशी आले.

"पोराला काल केबिनमध्ये बोलावलं," ते म्हणाले. "तुझ्या म्हाताऱ्याला कायद्याचं पुस्तक कशाला हवंय, म्हणून."

बाईंनी आधी मागच्या खोलीकडे पाहिलं. कुलूप तर कधीचा गेला. मग त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं आणि त्यांनी विचारलं, "पण आजोबा, पुस्तक तुम्ही नेलंय कुठे अजून?"

"मिळालंय कुठे मला? दुसऱ्या कुणी नेलंय म्हणालात तुम्ही. माझा नंबर अजून यायचाय."

काउंटरवर दोघांच्या मधे मागणीवही लोंबत होती. आजोबांनी पुस्तक नेलं नव्हतं. त्यांचं तिकीट त्यांच्या खिशात होतं, ट्रेमध्ये ते कधी गेलंच नव्हतं. त्यांचं नाव त्या पुस्तकाशेजारी जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. बाईंनी वही उघडली. घरी बसवलेल्या माणसाचं नाव, मग पाळी बदललेल्याचं, मग निळीचं, मग आजोबांचं. ज्याला त्याला बोलावणं आलं, ते याच क्रमाने. यजमानांचं नाव वहीत नव्हतं, कारण बाईंनी त्यांचं तिकीट परस्पर ट्रेमध्ये घातलं होतं. म्हणून यजमानांना कुणी बोलावलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ट्रे त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपला होता, आणि वही दोरीने बांधून दाराशी टांगली होती, येईल त्याने चाळावी अशी. कोण चाळायचं, हेही आता आठवलं. कारखान्याचा टाइमकीपर रोज पाचला यायचा आणि खेळाच्या पानाची वाट बघत काउंटरला रेलून वही उलटायचा. आणि नुसतं तेवढंच असतं तर बरं होतं. तीन महिन्यांपूर्वी एकदा तो चष्मा विसरला होता. बाई, कुठल्या पुस्तकाला एवढी मागणी आहे, असं त्याने सहज विचारलं. तेव्हा बाईंनी वही त्याच्याकडून घेतली होती आणि त्याला वाचून दाखवली होती. नावांसकट. आमचे कामगार कायदा वाचायला लागलेत, असंही वर म्हणाल्या होत्या, आणि किती अभिमानाने म्हणाल्या होत्या.

बाईंनी कात्रीने दोरी कापली आणि वही पिशवीत घातली. आजोबांना म्हणाल्या, तुम्ही जरा बसा इथे, कुणी आलं तर सांगा येतेय म्हणून. तीस वर्षांत त्यांनी काउंटर असा वाचकावर सोडला नव्हता.

जन्ममृत्यू नोंदणीची खोली नगरपालिकेच्या तळघरात होती, दिवसाही दिवा लावावा लागे अशी. कुलूप एका बाळाचा दाखला लिहीत होता. त्याने तो पुरा केला, शिक्का मारला, बापाच्या हातात दिला, आणि मग बाईंना खुर्ची दिली. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वही, टाइमकीपर, वाचून दाखवणं, सगळं. मग त्यांनी जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं, की त्या डायरीत तो काय लिहायचा.

कुलपाने डायरी काढून टेबलावर ठेवली. बारीक अक्षरात पानंच्या पानं भरलेली होती. कुठला अर्ज, किती दिवसांच्या आत, डॉक्टरचं कुठलं प्रमाणपत्र, कुणाच्या सहीने. सगळं त्या तपकिरी पुस्तकातलं.

"पुस्तक नेलं की बोलावणं येतं, हे दुसऱ्या माणसाच्या वेळीच दिसलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, पुस्तक न नेताच कामगारांना त्यातलं कळलं तर बरं. चहाच्या सुट्टीत वाचून दाखवायचो. मेहुणा माणसं जमवायचा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्याने डायरी मिटून खिशात घातली. बाईंना वाटलं, आता हे कुलूप काही उघडत नाही. मग तो खाली बघत म्हणाला, "तुमचे साहेब कारखान्यात आहेत ना. मला वाटलं, तुमच्याकडूनच जातंय."

बाईंना आधी संतापच आला. माझ्यावर संशय? माझ्यावर? तीस वर्षं या गावाची पुस्तकं सांभाळली, ती ही असली गोष्ट ऐकायला? तोंडाशी आलेलं हे सगळं त्यांनी गिळलं, कारण समोरच्या माणसाला ते बोलून दाखवायचा त्यांचा हक्क त्यांनीच पत्र लिहून घालवला होता. त्या खुर्चीवर बसल्या.

"असं वाटत होतं तर वर तक्रार का नाही केलीत माझी?"

"खात्री नव्हती ना, बाई," कुलूप म्हणाला.

तो टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्याला खरंच तेवढंच म्हणायचं होतं. खात्री तर बाईंनाही नव्हती. पत्रात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, दाट संशय आहे, म्हणून.

बाई म्हणाल्या, मी आत्ताच वर जाऊन पत्र मागे घेते, लेखी देते, चूक माझी होती म्हणून. कुलपाने मान हलवली. पत्राचं होईल सावकाश, तो म्हणाला. दुसरंच एक होतं. त्याची बायको दहाबारा दिवस नळावर पाणी भरायला रांगेत उभी राहत नव्हती. बायका सरकून जागा सोडत आणि बोलणं थांबवत, म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी जात होती, पाणी जाता जाता. कधी दोन हंडे मिळत, कधी एक.

मोठ्या साहेबांकडे बाईंचा अर्धा तास गेला. कुलूप नाही तर मग कोण, असं साहेबांनी विचारलं. बाईंनी कागदावर स्वतःचं नाव लिहून दिलं. साहेब म्हणाले, बघू. बाई तिथून परत वाचनालयात गेल्या नाहीत, खालच्या आळीत गेल्या.

नळाला पाणी आलं होतं. वीसएक बायका रांगेत होत्या, कारखान्यातून नुकतीच सुटलेली निळीही होती, आणि रांग संपून चार हात मोकळी जागा सोडून कुलपाची बायको कठड्याला टेकून उभी होती. बाई तिच्याजवळ गेल्या आणि तिचा हात धरून हळू आवाजात सगळं सांगायला लागल्या. तिने ऐकून घेतलं नाही. हात सोडवून घेतला.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं. यांना सांगा."

बाई रांगेकडे वळल्या आणि बोलू लागल्या. पण जन्मभर त्या जशा बोलत आल्या होत्या, तशाच बोलल्या, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं वाचन मोडू नये अशा बेताने. हंड्यात पाणी पडत होतं, एका मुलीने भांडं आपटलं, दोघीतिघी आपसात काही विचारत होत्या. निळी पुढे झाली आणि तिने नळ बंद केला. नळ बंद केल्यावर एरवी त्या आळीत भांडण पेटलं असतं. आज बायकांनी हंडे खाली ठेवले.

"ऐकू येत नाही, बाई," निळी म्हणाली. "मोठ्याने सांगा."

मग बाईंनी मोठ्याने सांगितलं. तुमची नावं माझ्या वहीतून गेली. मीच ती टांगून ठेवली होती, मीच कारखान्याच्या माणसाला वाचून दाखवली. हिच्या नवऱ्याने काही केलेलं नाही, तो तुमच्यासाठीच रोज उन्हात उभा राहत होता, आणि मी खात्री न करता त्याला घालवला. आवाज चिरकला, ओढणी नीट करायचं निमित्त करून एकदोघींनी खाली बघितलं, पण बाई थांबल्या नाहीत. कुलपाची बायको कठड्यापासून सरळ उभी राहिली होती.

आळीच्या टोकाला, अगदी शेवटच्या दारात एक म्हातारी कानाला हात लावून उभी होती. तिला अर्धंच ऐकू गेलं असावं. तिने तिथूनच विचारलं, "चूक कुणाची म्हणाली गं ती?"

बाईंनी तिच्याकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "माझी."